आखाडातलं बीजगणित

दादाचं लग्न झालं आणि माझं बीजगणित गेलं. कुणाचे दागिने जातात, कुणाची जमीन जाते. माझं बीजगणित गेलं, आणि ते कोणी नेलं हे मला पक्कं माहीत होतं. ती आमच्या चुलीपुढे बसलेली असायची. हातात हिरवा चुडा, पदर भुवयांपर्यंत ओढलेला, आणि भाकरी अशी थापायची की आई हातातलं काम सोडून बघत राहायची. माझ्या भाकरीकडे आईनं असं कधी बघितलं नाही. एकदाच बघितलं, तेव्हा म्हणाली, "ह्यो काय हिंदुस्थानचा नकाशा केलायस व्हय?"

आमचं घर शिरूरच्या जुन्या भागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात होतं. बाहेरचे लोक शिरूर म्हणायचे, आमची जुनी माणसं गावालाच घोडनदी म्हणायची. पुढे ओसरी, मागे स्वयंपाकघर आणि मध्ये एक अंधारी खोली, एवढाच पसारा. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, एसटी स्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. संध्याकाळी घरी आले की ते आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग राखेनं, मग साबणानं, तरी नखांत ग्रीस राहायचंच. ते ओसरीत भिंतीला पाठ लावून बसले की घराचा आवाज खाली यायचा. ते कधी ओरडले असतील असं मला आठवत नाही. पण त्यांच्यासमोर मोठ्यानं हसायचं नाही, मुलानं बायकोशी बोलायचं नाही, आणि सुनेनं तर समोरसुद्धा यायचं नाही, हे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं.

दादाचं नाव गोपाळ. तो गावातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. तेव्हा औषध म्हणजे मिक्श्चर. दवाखान्यात मोठमोठ्या बरण्यांत लाल, गुलाबी, पिवळं पाणी भरलेलं असायचं. पेशंटनं घरून बाटली न्यायची, दादानं त्यात मोजून औषध ओतायचं, पाणी घालायचं, बूच लावून खदाखदा हलवायचं आणि बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी डकवायची. एक खाच म्हणजे एक डोस. घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला स्पिरिटचा वास असायचा. मला तो वास अत्तराहून आवडायचा, कारण त्यानंतर जेवणं होईपर्यंत दादा माझा होता.

तो मला मिश्रणाची गणितं घालायचा. पुस्तकातली नाही, दवाखान्यातली. "शके, नव्वद टक्क्यांचं दोनशे मिली स्पिरिट हाय. साठ टक्क्यांचं करायचंय. पानी किती घालू?" मग तोच म्हणायचा, "घालायचं पानी क्ष मान," आणि तोच समीकरण मांडून द्यायचा. पुढचं माझं. कंस सोडवायचे, क्ष एकीकडे आणायचे, आकडे दुसरीकडे ढकलायचे, हे मी भराभर करायची. शंभर मिली, असं उत्तर आलं की तो माझी वेणी ओढायचा आणि म्हणायचा, "उद्या दवाखान्यात तुलाच बसवतो, मी घरी झोपतो." आमच्या शाळेत मुलींना बीजगणिताऐवजी सोपं गणित घ्यायची मुभा होती आणि सगळ्यांनी ती घेतली होती. बीजगणिताच्या वर्गात मी एकटी मुलगी. पुढे सायन्सला जायचं तर ते हवंच होतं, पण खरं सांगायचं तर सायन्सचं मला फारसं पडलं नव्हतं. बीजगणित म्हणजे संध्याकाळचा दादा, एवढंच मला कळत होतं.

आणि मग वैशाखात वहिनी आली. माहेर दौंडचं, वडील रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर. लग्न ठरवताना मुलगी मॅट्रिक झालीय हे आप्पांनी चारचौघांत सांगितलं होतं, पण मॅट्रिकला तिनं काय काय घेतलं होतं हे कुणी विचारलं नाही. लग्नाला काही दिवस झाले असतील. दादानं ओसरीतून गणित घातलं. मी लिहून घेत होते. "गोपाळ गवळ्याकडं तीस लिटर दूध हाय, पानी घातल्यालं. दूध चार भाग, पानी एक भाग. अजून किती पानी घातलं म्हंजी दूध दोन भाग आन् पानी एक भाग हुईल?" माझं 'समजा' लिहून झालं होतं, इतक्यात स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाज थांबला आणि बारीक आवाज आला, "वन्सं, सहा का हो?"

आप्पांनी मान वर केली. "कोण बोललं?"

"वहिनी," मी म्हणाले.

"सुनबाईला गणित येतंय व्हय?" आप्पा म्हणाले. त्या आवाजात असं काही होतं, जे माझ्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. मी कधीची करत होते की गणितं! त्यांच्या डोळ्यांदेखत करत होते. शकीला गणित येतंय व्हय, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं? दादा मान खाली घालून बसला होता, पण त्याचे कान लाल झाले होते आणि तो गालातल्या गालात हसत होता. उत्तर सहाच होतं. मी ते ताडून बघितलं, चुकलेलं निघावं म्हणून दोनदा ताडून बघितलं.

त्या दिवसापासून माझ्या गणितांतलं स्पिरिट संपलं आणि दूध आलं. रोज गोपाळ गवळी. गोपाळ गवळ्यानं हे केलं, गोपाळ गवळ्यानं ते मिसळलं. मला आधी कळेना की कंपाउंडर माणसाला एकाएकी दुधाचा एवढा पुळका का. मग दादानं नवीन काढलं: "शके, आत जा आन् वहिनीला सगळं गणित पुन्हा म्हनायला लाव. मोठ्यानं. मला हितं ऐकू आलं पायजे." मी बावळटासारखी आत गेले. वहिनी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "एका... एका..." आणि पुढे तिला जाता येईना. नवऱ्याचं नाव कसं घेणार? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. दादाला नेमकं तेच ऐकायचं होतं. दिवसभर एकमेकांशी बोलायची सोय नव्हती, म्हणून आप्पांच्या नाकावर टिच्चून, माझ्या तोंडून, माझ्या गणितातून त्यांचं बोलणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं तोड काढली. ती खणखणीत म्हणाली, "क्ष गवळ्यानं म्हशीच्या दुधात..." आणि दादा ओसरीत इतक्या मोठ्यानं हसला की आप्पांनी हातातला पेपर खाली केला. पुढे तोच रिवाज पडला. तो गोपाळ म्हणायचा, ती क्ष म्हणायची, आणि दोघांच्या मध्ये मी पेन्सिल घेऊन बसायची. समीकरण मांडून द्यायचं दादा विसरूनच गेला. मी म्हणायची, "दादा, क्ष काय मानू?" तर तो म्हणायचा, "तुझ्या वहिनीला इचार, क्ष कोन ते," आणि परत हसायचा. आईला सांगायला गेले तर ती म्हणाली, "घरात शिकल्याली सून आली, तुझं नशीब समज." माझं नशीब!

आज मागे वळून बघताना मला त्या दोघांचं कौतुक वाटायला हवं, आणि वाटतंही. पण ते आत्ताचं. पुढे दौंडजवळ कुरकुंभला कारखाने आले, त्यांतल्या एकाच्या प्रयोगशाळेत मी द्रावणं करत नोकरी काढली. हाताखालच्या पोरी नवऱ्यांना मोबाईलवरून दिवसभर काय काय कळवायच्या ते बघितलं, आणि मला आमची ओसरी आठवायची. मात्र त्या वयात मला कुणी म्हणालं असतं की यात कौतुकाचं आहे काही, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते. मला वहिनीचा चुडा डाचायचा, तिची गोल भाकरी डाचायची, तिचं 'वन्सं' डाचायचं. सगळ्यांत जास्त डाचायचं ते हे की उत्तरं तिची बरोबर असायची.

आणि आखाड आला. आमच्याकडे नव्या नवरीनं आखाडात सासरी राहायचं नाही, माहेरी जायचं, आणि नवऱ्यानं महिनाभर तिकडे फिरकायचं नाही अशी पद्धत. वहिनीचे वडील न्यायला आले. आईनं बरोबर द्यायला गुळाच्या कापण्या तळल्या, तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, घरभर तळणाचा वास. मी त्या दिवशी इतक्या कापण्या खाल्ल्या की आई म्हणाली, "तुला एवढा कसला आनंद झालाय?" मी आणखी एक कापणी तोंडात टाकली. वहिनीनं जाताना माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "वन्सं, अभ्यास करा." मी हो म्हणाले. मनात म्हटलं, तुम्ही जा तर आधी.

त्या संध्याकाळी मी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून ओसरीत तयार बसले. दादा आला, हात धुतले आणि सरळ चटईवर आडवा झाला, कपाळावर हात ठेवून. "दादा, गणित घाल की." "पुस्तकातलं सोडव तुझं तू." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी हट्टच धरला तेव्हा त्यानं छताकडे बघत एक गणित घातलं. एका गवळ्यानं, म्हणाला. गोपाळ नाही, नुसता एक गवळी. स्वयंपाकघरात आई एकटीच भाकरी थापत होती, तिकडे त्याचं लक्ष जाऊन परत येत होतं. मी बऱ्याच वेळानं उत्तर सांगितलं. "बरोबर," तो म्हणाला. नंतर मी ताडून बघितलं तर ते साफ चूक होतं.

त्या चुकीच्या 'बरोबर'नं मला जे सांगितलं ते कुणी तोंडानं सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. गेले कित्येक दिवस ही गणितं माझी नव्हतीच. मी तिथे असले काय, नसले काय. वहिनी घरात होती तेव्हा निदान मी निरोप्याचं काम तरी करत होते. ती गेल्यावर निरोपच संपले. मी मागच्या पडवीत जाऊन रडले, आणि रडताना वहिनीला जे जे सुचेल ते मनात बोलले.

त्याच आठवड्यात शाळेत चाचणी झाली. मिश्रणाचं गणित होतं: एका सोनारानं सोन्यात तांबं मिसळून दागिना केला, तर तांबं किती? मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, समजा, सोनार = क्ष. पुढची मांडणी माझ्या परीनं केली, कंस सोडवले, क्ष एकीकडे आणले, आणि शेवटी दोन रेघांमध्ये उत्तर लिहिलं: सोनार = तीन ग्रॅम. सरांनी पेपर वर्गात वाटताना माझा हातात धरून ठेवला. "शकुंतला, तुझा सोनार तीन ग्रॅमचा भरला. काय खात होता बिचारा?" सगळा वर्ग बाकं बडवत हसला. एकटी मुलगी असण्याचा तोटा असा की हसणारे सगळे एकीकडे असतात. सर मनानं वाईट नव्हते. संध्याकाळी सायकलमध्ये हवा भरायला दुकानात गेले तेव्हा त्यांनी आप्पांना नीट समजावून सांगितलं, की महिनाअखेरीला परत चाचणी आहे, तीत ही गणितं आली नाहीत तर पोरीला सोप्या गणितात बसवू, मुलींना चालतं.

जेवताना आप्पांनी तो विषय काढला. मी ताटात बघत होते. दादा कालवणात भाकरी कुस्करत म्हणाला, "ऐतवारी दौंडला न्हेऊन आनतो हिला. तिथं शिकवनारं मानूस हाय."

आईच्या हातातली पळी थांबली. "आखाडात? सासुरवाडीला? आरं लोक काय म्हनतील?"

"मी कुठं माझ्यासाठी जातोय? पोरीचं वरीस जायला लागलंय," दादा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी काळजी होती की मी थक्क झाले. चार दिवसांपूर्वी हाच माणूस माझ्या चुकीच्या उत्तराला बरोबर म्हणाला होता.

आप्पांनी दादाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "शके, खरं सांग. तुला खरंच येत न्हाई, का ह्याला जायचंय?"

मी 'माझं मी करीन' एवढं म्हणाले असते तर दादा घरात बसला असता, आणि ती तिकडे. त्याचा उतरलेला चेहरा बघायला मला फार आवडलं असतं. पण मग सोपं गणित. बाकीच्या मुलींत जाऊन बसायचं, आणि त्या वर्गातल्या पोरांनी मला आयुष्यभर तीन ग्रॅम म्हणून ओळखायचं. वहिनीकडून शिकायचं नव्हतं मला, मेले तरी नव्हतं. "खरंच येत न्हाई, आप्पा," मी म्हणाले. याहून कडू वाक्य माझ्या तोंडून त्या वयात दुसरं निघालेलं नाही.

"मंग एकच ऐतवार," आप्पा म्हणाले. "गोपाळ, तू उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. पायरीवर बसायचं. आन् शके, एका दिवसात आलं न्हाई तर सोपं गणित घ्यायचं. पुन्हा रडगाणं नको."

न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीनं दौंडला. सगळ्या वाटेत दादा शीळ घालत होता आणि मी खिडकीला तोंड लावून बसले होते. रेल्वे कॉलनीतलं ते क्वार्टर मला अजून दिसतं. लाल विटांची ओळ, प्रत्येक दारापुढे दगडी कोळशाची शेगडी, दोरीवरच्या धुण्यावर काजळीचे ठिपके. थोड्या थोड्या वेळानं मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा, आणि एखादं इंजिन असा सुस्कारा सोडायचं की बोलणारं माणूस तेवढ्यापुरतं थांबायचं आणि मग पुढे चालू करायचं. आम्ही कोपऱ्यावरून वळलो तर सार्वजनिक नळावर एक मुलगी कमरेवर हात ठेवून खदाखदा हसत होती. एक वेणी, पदर कमरेला खोचलेला, पायांत काही नाही. कुणीतरी हाक मारली, "ए नले, तुझ्या सासरची मानसं!" आणि ती वळली तेव्हा मला कळलं की ही वहिनी. आमच्याकडे नाव बदलून तिला मंगल केलं होतं. या नलीला मी ओळखत नव्हते. मला तिचा हेवा वाटला, तो आणखी वेगळाच. हिला एवढं सगळं आहे, हसणं आहे, नळावरच्या मैत्रिणी आहेत, दुसरं नाव आहे. मग आमच्या घरातलं एक माणूस कशाला लागतं हिला?

तिची आई आखाडात जावयाचं तोंड बघायचं नाही म्हणून सगळा दिवस भिंतीकडे तोंड करून वावरली. चहाचा कप पाठीमागून माझ्या हातात द्यायची, मी तो पायरीवर दादाला द्यायची. "जावईबापूंना इचार गं पोरी, साखर पुरी हाय का?" भिंतीला विचारल्यासारखं विचारायची. दादा पायरीवर, वहिनी दाराच्या आत, आणि मी मध्ये उंबऱ्यावर. उंबऱ्यावर बसू नये म्हणतात, पण त्या दिवशी दुसरी जागाच नव्हती.

दादानं चाचणीचं सांगून लगेच सुरुवात केली. "गोपाळ गवळ्यानं सात टक्के फॅटचं म्हशीचं दूध आन् चार टक्के फॅटचं गाईचं दूध मिसळलं. तीस लिटर झालं, पाच टक्के फॅटचं. तर म्हशीचं किती?"

"हं," वहिनी म्हणाली, "क्ष गवळ्यानं..."

मी वहीत लिहिलं, समजा, गवळी = क्ष.

वहिनीनं वाकून बघितलं. "हे काय लिहिलंत?"

"तुम्हीच म्हनता की. रोज."

ती माझ्याकडे बघत राहिली. "वन्सं, चाचणीत पण असंच लिहिलंत?"

"सोनार लिहिला. तीन ग्रॅम आला."

दादा पायरीवर पोट धरून हसायला लागला. वहिनी हसली नाही. तिचा चेहरा पार पडला. ती पुढे सरकली आणि सरळ त्याला म्हणाली, "अहो, हसू नका. हे आपल्या खेळामुळं झालंय." माझ्यासमोर तिनं त्याच्याशी थेट बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दादाचं हसणं अर्ध्यात राहिलं.

"हे बघा," ती मला म्हणाली. "आपल्याला जे ठाऊक नाही आणि गणितात जे विचारलंय, तेवढंच क्ष. गवळी काही ठाऊक नसलेला नाही."

"मग कोन हाय तो?" मी विचारलं. मला तेव्हा चांगलंच समजलं होतं की ती कुठे अडकणार. मला ती अडकलेली बघायची होती.

वहिनी थोडा वेळ चुडा मागेपुढे करत बसली. भिंतीकडे तोंड केलेली तिची आई कान देऊन उभी होती. मग वहिनी म्हणाली, "गोपाळ." उखाणा नाही, लाजणं नाही, नुसतं नाव. "गोपाळ आपल्याला ठाऊक आहे. गोपाळकडं म्हशीचं दूध किती, ते ठाऊक नाही. म्हणून ते क्ष." आत आईच्या हातून झाकण पडलं आणि गरगरत कोपऱ्यात गेलं. दादा रुळांकडे बघायला लागला. त्याचे नुसते कान नाही, सगळा माणूसच लाल झाला होता.

धाकट्या बहिणीनं मोठ्या भावाचं नाव घ्यायचं नसतं, तेव्हा ते नाव माझ्याही तोंडात कधी आलं नव्हतं. तिच्या तोंडात ते कसं छान बसलं हे मला ऐकू आलं, आणि झोंबलं. पण ते तिनं आजवर त्याच्यासाठी घेतलं नव्हतं. त्यानं इतके दिवस जंग जंग पछाडलं तरी घेतलं नव्हतं. माझं गणित सुटावं म्हणून आईच्या देखत घेतलं. हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी खाली मान घालून लिहिलं: समजा, म्हशीचं दूध = क्ष लिटर.

"मग गाईचं किती?" वहिनीनं विचारलं.

"ते पन ठाऊक न्हाई. दुसरं अक्षर घेऊ?"

"कशाला? सगळं मिळून किती?"

"तीस." आणि मग मला दिसलं. जे क्ष नाही ते सगळं तीस वजा क्ष. दुसरं काही असूच शकत नव्हतं. मी सात क्ष लिहिलं, पुढे चार गुणिले तीस वजा क्ष लिहिलं, बरोबर दीडशे लिहिलं, आणि हात थांबेचना. म्हशीचं दहा, गाईचं वीस. मी मान वर केली तर वहिनी माझ्या हाताकडे बघत होती, माझी आई तिच्या भाकरीकडे बघायची तसंच.

मग आम्ही दोघी सुटलोच. एक झालं की दुसरं. पितळ, चहा, मिठाचं पाणी, तिनं नाना तऱ्हेची मिश्रणं काढली. ती प्रत्येक वेळी मलाच मांडायला लावायची आणि मी अडले तरी पेन्सिल हातात घ्यायची नाही, नुसती बोटं एकमेकांत गुंतवून वाट बघायची. दादा मध्येच म्हणाला, "आता माझं एक घ्या." वहिनी माझ्या वहीवरची नजर न काढता म्हणाली, "थांबा हो जरा, आमचं चाललंय." आमचं! मी दादाकडे बघितलं. तो गुमान कापणी चघळत बसला. थोड्या वेळानं त्यानं पाणी मागितलं, वहिनी उठून गेली आणि तांब्या देताना तिला नको तितका वेळ लागला. मला राग आला. पण तो वहिनीचा नव्हता. दिवसभर चहा पिणाऱ्या माणसाला नेमकी आत्ताच कशी तहान लागली, असं वाटून मला दादाचाच राग आला होता.

आम्ही परतलो तेव्हा आप्पा ओसरीत आमची वाट बघत बसले होते. चप्पल काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय शके, आलं का गणित?"

दादा माझ्यामागे उभा होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता. गणित आलं होतं. सगळं आलं होतं, सरांनी त्या क्षणी कुठलाही सोनार समोर उभा केला असता तर मी त्याच्या हातातलं तांबं काढून दाखवलं असतं. आलं म्हटलं की बीजगणित माझं, आणि दौंड आखाड संपेपर्यंत बंद. नाही आलं म्हटलं की सोपं गणित. आप्पांचा शब्द फिरत नसे.

"निम्मं आलं," मी म्हणाले.

"निम्मं?"

"व्हय आप्पा. निम्मं."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डोक्यावरून दादाकडे बघितलं, आणि बराच वेळ नखातलं ग्रीस काढत राहिले. "मंग उरल्यालं निम्मं पुढल्या ऐतवारी," ते म्हणाले. "आन् गोपाळ, पायरीवरच."

दादानं माझ्या पाठीवर थाप मारली. आत जाताना वेणीसुद्धा ओढली, कितीतरी दिवसांनी. त्याला वाटलं मी ते त्याच्यासाठी केलं, आणि मी त्याला तसं वाटू दिलं. पुढच्या रविवारी एसटीत त्यानं मला खिडकीजवळची जागा दिली, न्हावऱ्याला भजी घेऊन दिली, आणि सगळ्या वाटेत शीळ घालत होता. मी वही छातीशी धरून बसले होते. मनात एवढंच येत होतं की मला पोचवून हा संध्याकाळपर्यंत कुठेतरी निघून गेला तर किती बरं होईल.